ताट पुढे द्या

डेन्मार्कमधल्या आमच्या दक्षिण जटलंडच्या या सपाट, वारा खाणाऱ्या मुलखात माणूस चांगला की वाईट हे तो कॉफीच्या टेबलावर कसा खातो यावरून ठरतं. या हिशेबानं माझा धाकटा भाऊ आस्मुस गावातला सगळ्यात चांगला माणूस होता. पहिलीत असताना कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं टेबलावरचा प्रत्येक केक चाखला आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा सगळे घेतले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमची आई, क्रिस्टीन, एरवी कौतुक करताना हात आखडता घेणारी बाई, पण त्या दिवशी तिचा चेहरा असा फुलला की मला आजही तिचा राग येतो. तेव्हापासून तो गावात 'क्रिस्टीनचा खाणारा मुलगा' झाला. मी न खाणारी मुलगी. मला कुणी काही नाव ठेवलं नाही, कारण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

कॉफीचं टेबल म्हणजे साधी कॉफी नव्हे. गावच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडायची, आधी लोण्याचे मऊ बन, मग साय भरलेले थरांचे केक, मग सुके, कुरकुरीत, आणि ताटं हातोहात फिरवायची. ज्यानं त्यानं एक तुकडा घ्यायचा आणि ताट पुढे द्यायचं. नाही म्हणायची सोय नाही, कारण प्रत्येक ताटामागे एक बाई असते. ती टेबलावरच कुठेतरी बसलेली असते आणि तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा केक कुणी घेतला, कुणी टाळला हे बघत असते. टाळलं तर पुढची दहा वर्षं ती ते विसरत नाही. आणि यायचं उपाशीपोटी. भरल्या पोटी कॉफीला येणं म्हणजे घरच्या बाईच्या तोंडावर मारणं, असं आमची आई म्हणते.

आस्मुस मोठा झाला, दुधाचा टँकर चालवायला लागला. पहाटे निघून गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करायचं आणि डेअरीत नेऊन ओतायचं. गायी, शेतकरी, रस्ता आणि एकटेपणा. या एकटेपणात तो काय करत होता हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. सकाळी न खाता निघायचा, दुपारचंही टाळायचा आणि मग अचानक रोज वेगळ्या पेट्रोल पंपावर थांबून, कुणी ओळखू नये म्हणून, पिशव्या भरून घ्यायचा. टँकरच्या केबिनमध्ये बसून ते सगळं संपेपर्यंत खायचा. चव कळायची नाही. थांबता यायचं नाही. मग घरी येऊन टोवेसमोर, म्हणजे बायकोसमोर, परत जेवायला बसायचा, नाहीतर तिला संशय यायचा. रात्री स्वतःची घृणा वाटायची आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपास. उपासाच्या संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एकदा एका शेतकरीणबाईनं बहिणीकडे द्यायला राय या धान्याच्या काळ्या पावाचा केक त्याच्याकडे दिला होता. तो त्यानं वाटेत खाल्ला. मग दुकानातून दुसरा आणला आणि घरचा वाटावा म्हणून वरची साय सुरीनं ओबडधोबड केली. बहिणीनं पहिल्या घासात ओळखलं आणि दोन्ही बहिणी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी हसले. तो हसला नाही.

सगळं बाहेर आलं ते मार्चमध्ये. लाउरिट्झ नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यासमोर टँकर उभा होता, इंजिन चालू, आणि आस्मुस स्टिअरिंगवर वाकून कळवळत होता. लाउरिट्झला वाटलं हृदय. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरणीनं सगळे रिपोर्ट बघितले, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "आज काय काय खाल्लंत?" सत्तेचाळीस वर्षांचा माणूस ढसाढसा रडला. मी बाहेरच्या बाकावर होते. दार पातळ होतं.

तिथून त्याला विबेके नावाच्या बाईंकडे पाठवलं. त्या अशाच लोकांबरोबर काम करतात. मला वाटलं होतं त्या साखर बंद करतील, कपाटाला कुलूप लावायला सांगतील. छे! त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की उपास बंद. सकाळी खायचं, दुपारी खायचं, संध्याकाळी खायचं, मध्ये थोडंथोडं, भूक असो नसो. कुठलाच पदार्थ पाप नाही. ज्याच्यावर बंदी घालाल तोच मानगुटीवर बसतो. ओढ आली की ती भरतीसारखी चढते आणि भरतीसारखीच उतरते, तेवढा वेळ एकटं राहायचं नाही. आणि एखाद्या दिवशी घसरलंच, तर पुढचं जेवण चुकवायचं नाही. "घसरणं हा आजार नाही," त्या म्हणाल्या, "घसरल्याची शिक्षा करणं, तिथून आजार परत सुरू होतो." टोवेला आणि मला वेगळं बसवून बजावलं, "पोलीस व्हायचं नाही. हातातलं हिसकावायचं नाही. विचारायचं, तुला काय हवंय?" मला हे फार अवघड गेलं. मी जन्मजात पोलीस आहे.

जूनमध्ये एकदा तो घसरला. दुपारचा डबा घरी विसरला आणि संध्याकाळी पंपावर थांबला. पण त्या रात्री तो जेवला आणि सकाळी लापशी खाऊन कामावर गेला. त्यानंतर उन्हाळा गेला, शरद आला, त्याचं हसणं परत आलं. टँकरमध्ये डबा, डब्यात रायच्या पावाचे दोन तुकडे, वर लावायला कलेजीचं सारण, काकडी. बारा वाजता तो कुठल्याही गोठ्यावर असला तरी इंजिन बंद करून खायचा. शेतकरी चेष्टा करायचे, "आलं बाबा चर्चचं घड्याळ!"

आईला मात्र काहीच माहीत नव्हतं. तिला हृदयाचं सांगितलं होतं. आणि ऑक्टोबरमध्ये आईची ऐंशी वर्षं होत होती.

"सांगून टाक तिला," मी म्हणाले.

"काय सांगू ताई? की तुझा खाणारा मुलगा खाण्यानंच आजारी आहे?"

"असंच सांग."

"तू सांगशील?"

"मी का सांगू? तोंड तुला दिलंय देवानं."

"तेच तर." तो म्हणाला आणि विषय संपला.

मग आम्ही तिघांनी बेत केला. हॉलवर येण्याआधी तो पोटभर जेवणार. तो टोवे आणि माझ्यामध्ये बसणार. चार प्रकार घेणार, आवडतील ते, हळू खाणार आणि मग ताट पुढे देणार. विबेकेबाईंनीच शिकवलं होतं, आधी ठरवून जायचं, तिथे जाऊन ठरवायचं नाही. मलाही तो बेत बरा वाटला. आमच्या आईला कुणी त्यात धरलंच नव्हतं.

त्या दिवशी एका गोठ्यावरचा पंप बिघडला आणि आस्मुसला उशीर झाला. तो टँकर डेअरीत लावून, कपडे बदलून थेट हॉलवर आला, डबा हातात. पाहुणे यायचे होते. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, डबा उघडला, पाव तोंडाकडे नेला, आणि आई आत आली.

"हे काय?"

"जेवतोय आई. सकाळपासून—"

"इथे? आज? माझ्या कॉफीच्या आधी?" तिनं पाव त्याच्या हातातून काढून घेतला. प्रेमानं, अगदी प्रेमानं, लहान मुलाच्या हातातली माती काढतात तसा. "वेडा आहेस का? पोटात जागा ठेव. चौदा बायका गेले तीन दिवस राबतायत." मागच्या दारात, टेबलं लावायला लवकर आलेल्या नीस मामांचा कुत्रा बांधलेला होता. आईनं डबा त्याच्यासमोर उलटा केला. कुत्र्यानं काकडी तेवढी ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, अगं त्याला—"

"असू दे, ताई," आस्मुस म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला होता. मी दुसरं काही शोधायला लागले. अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं. केक, केक, बिस्किटं, लोणी, साय. साधा पावाचा तुकडा नाही, एक अंडं नाही. तोवर बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली.

मग दुसरा घाव. आईनं बसायच्या जागा स्वतः ठरवल्या होत्या. आस्मुस तिच्या उजव्या हाताला, टेबलाच्या ऐन मध्यावर, जिथून तो सगळ्यांना दिसेल. टोवेकडे कॉफीची किटली. मी समोर, हात पोचणार नाही इतकी लांब.

बन फिरले. त्यानं एक घेतला. हावरटासारखा संपवला आणि मला धडकी भरली.

"काय रे आस्मुस," पलीकडून नीस मामा ओरडले, "बारीक दिसतोस! बायको उपाशी ठेवते की काय?"

"म्हणून तर टँकरमधलं दूध पितो रस्त्यात," आस्मुस म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. पहिला केक आला, त्यानं घेतला, काट्यानं छोटे छोटे तुकडे केले. दुसरा. तिसरा. चौथ्याला त्यानं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. शाबास, माझ्या मनात आलं, झालं एकदाचं.

पाचवं ताट आलं. त्यानं आपल्या बशीवर हात आडवा धरला. "मला पुरे. फार छान होतं सगळं."

तो केक त्या चौदा बायकांतल्या इंगेबोर्गचा होता, रायच्या पावाचा, वर काळ्या मनुकांचा मुरंबा आणि बोटभर साय. इंगेबोर्ग चेष्टेत म्हणाली, पण डोळे चेष्टेचे नव्हते, "अरे वा, आता माझाच केक नको?"

"मस्करी करतोय तो," आई हसत म्हणाली. तिनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच एक तुकडा त्याच्या बशीत ठेवला. मोठा. "हा माझा मुलगा आहे. याला नाही म्हणता येत नाही."

त्यानंतर त्यानं नाही म्हटलं नाही. ताटं येत गेली, तो घेत गेला. बायका खूश, आई खूश. मी एकटी बघत होते की त्याचं बोलणं थांबलंय. नीस मामा काही विचारत होते आणि तो मान हलवत होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं. घास गिळण्याआधी पुढचा घास. नजर बशीवर. मी त्याला पूर्वी कधी असं बघितलं नव्हतं. हे तो केबिनमध्ये करायचा, आणि आता सत्तर माणसांत बसून करत होता आणि सत्तर माणसं कौतुकानं बघत होती. मला घसा फाडून ओरडावंसं वाटलं.

भाषणं सुरू झाली तसा तो उठला आणि आत गेला. मी मनात प्रार्थना केली की तो संडासात गेला असू दे. मग उठून मागे गेले.

स्वयंपाकघराच्या मागे थंड खोली आहे. दुसऱ्या फेरीचे केक तिथे ठेवले होते. दार लोटलेलं. मी ढकललं. तो पाठमोरा उभा होता, समोरच्या थरांच्या केकचा निम्मा भाग गेलेला, काटा नाही, सुरी नाही. बाहीला साय लागली होती.

"आत येऊ नकोस, ताई."

माझा हात पुढे झालाच होता हिसकावायला. मी तो मागे घेतला. "आत येत नाही. इथेच आहे."

"संपलं सगळं."

"काय संपलं?"

"सगळं. मार्चपासूनचं. आता बिघडलंच आहे तर बिघडू दे, उद्यापासून परत..." त्याचा हात पुढच्या केकच्या झाकणावर होता.

"तुला काय हवंय, आस्मुस?"

बाहेर कुणीतरी गाणं म्हणत होतं आणि लोक तालावर टेबल बडवत होते. "दार उघडं ठेव," तो म्हणाला. "आणि जाऊ नकोस. बोलूही नकोस."

मी, जिचं तोंड झोपेतही बंद नसतं, गप्प उभी राहिले. तो झाकणावर हात ठेवून उभा. मी फक्त त्याची बोटं बघत होते. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. त्याचा श्वास हळूहळू लांब व्हायला लागला. एक बोट उचललं गेलं, मग दुसरं. आणि तेवढ्यात माझ्या मागून आईचा आवाज आला.

"अगं केक आणा ना दुसऱ्या फेरीचे—" तिला तो दिसला, निम्मा केक दिसला, बाहीवरची साय दिसली. आणि आमच्या आईचा चेहरा पहिलीतल्या त्या दिवसासारखा फुलला. "बघा! धीर धरवेना ना? खा रे राजा, खा. माझ्याच हातचा आहे तो."

आस्मुस वळला. एवढा पांढराफटक तो मला हॉस्पिटलातही दिसला नव्हता.

"आई, हे मी आवडीनं नाही खाल्लं."

"म्हणजे?"

"मला थांबता येत नाही. मी चोरून खातो. गाडीत, एकटा, पोट फुटेपर्यंत. मार्चमध्ये ते हृदय नव्हतं. तेच होतं."

आई हसली, मग तिला कळलं की कुणी हसत नाहीये. "म्हणजे माझ्या केकनं तू आजारी पडलास?"

"केकनं नाही."

"मग कशानं? लहानपणी काय कमी केलं मी?"

"काही कमी नाही केलंस. पण तू बघत असलीस ना, की मला नाही म्हणता येत नाही. आज मी म्हटलं होतं, आई. चांगलं मोठ्यानं म्हटलं होतं."

आईनं पुढे येऊन तो उरलेला केक उचलला, त्याच्याकडे किंवा माझ्याकडे न बघता, आणि निघून गेली.

"दुखावली," आस्मुस म्हणाला.

"दुखावू दे."

"ताई, तिचा ऐंशीवा आहे."

"घरी जातोस का? मागच्या दारानं? मी सांगते काहीतरी."

त्यानं नळाखाली हात धुतले, बाही चोळली. "नको. गाडीत एकटा बसलो तर मी घरी जाणार नाही. कुठल्या पंपावर जाईन तेही मला आत्ताच माहीत आहे." आणि तो परत हॉलमध्ये गेला. एवढं धाडस मी तरी कुणाचं बघितलेलं नाही. सिंहाच्या गुहेत जाणाऱ्याला निदान आत बसलेल्या स्वतःच्या आईची भीती नसते.

दुसरी फेरी सुरू झाली. आई आपल्या जागेवर दगडासारखी बसली होती, निम्मा केक समोर. कुणी विचारलंही, "क्रिस्टीन, याला काय झालं?" तिनं उत्तर दिलं नाही. ताटं निघाली. इंगेबोर्गचा उरलेला केक सगळ्यात पुढे. तो डावीकडून सरकत आला, नीस मामांकडून पाद्रीबाईंकडे, पाद्रीबाईंकडून आईकडे. आईनं घेतला. ताट तिच्या दोन हातांत होतं आणि तिच्या उजवीकडे आस्मुस. त्याचे हात मांडीवर होते, घट्ट मिटलेले. टोवे किटली घेऊन मध्येच थांबली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते, खाणाऱ्या मुलाची दुसरी फेरी बघायची होती त्यांना.

आईनं ताट त्याच्यासमोर नेलंच नाही. त्याच्या छातीवरून आडवा हात करून तिनं ते पलीकडच्या पाहुण्याकडे दिलं.

"अगं, आस्मुसचं राहिलं!" इंगेबोर्ग म्हणाली.

"त्याचं झालंय," आई म्हणाली. "ताट पुढे द्या."

"झालंय कसं? आस्मुसचं कधी—"

"इंगेबोर्ग, ऐकू कमी येतं का तुला? झालंय म्हटलं ना. पुढे द्या."

ताट पुढे गेलं. त्याच्यामागची सगळी ताटं तशीच त्याच्या छातीवरून पुढे गेली, आणि प्रत्येक वेळी आईचा तो म्हातारा, पिठानं भेगाळलेला हात त्याच्या आणि ताटाच्या मध्ये होता. गावात त्या दिवसाची चर्चा अजून होते. इंगेबोर्ग आईशी नाताळपर्यंत बोलली नाही.

कुणालाही वाटेल इथे संपलं. पण खरी परीक्षा संध्याकाळी होती, आणि ते फक्त आम्हालाच माहीत होतं. हॉल आवरून आम्ही आस्मुसच्या घरी आलो. आईही आली. टोवेनं रोजच्या वेळेला उकडलेले बटाटे आणि तळलेला मासा टेबलावर ठेवला. आस्मुस दारात उभा राहिला.

"मला नको आज," तो म्हणाला. "आज एवढं झालंय. उद्याही फक्त कॉफी घेईन."

टोवेनं माझ्याकडे बघितलं. हीच ती वाट. आज उपास, उद्या उपास, परवा पंप. माझ्या जिभेवर शंभर शब्द आले आणि एकही बरोबर नव्हता. टोवे फक्त म्हणाली, "वाढून ठेवते."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. उपास, शिक्षा, विबेकेबाई, काहीही नाही. ती खुर्ची ओढून बसली, बूट काढले आणि एकदम म्हणाली, "मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. सगळ्यांना वाढण्यात माझं राहूनच गेलं. चक्कर येतेय मला." तिनं बटाटा ताटात घेतला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बस की. मला एकटीला घास उतरत नाही."

आस्मुस बसला. त्यानं एक बटाटा घेतला, माशाचा एक तुकडा घेतला. पहिला घास त्याच्या तोंडात फिरत राहिला, फिरत राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो चावत होता. आम्ही चौघंही जेवलो. वाऱ्याबद्दल बोललो, नीस मामांच्या भाषणाबद्दल बोललो. मग आस्मुसनं काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"पुरे मला," तो म्हणाला.

आईचा हात बटाट्यांच्या भांड्याकडे गेला. सवयीनं गेला, ऐंशी वर्षांच्या. अर्ध्यावर थांबला. तिनं त्या हातानं आपलंच पाण्याचं भांडं उचललं आणि प्यायली, आणि कुणीही त्याला 'अजून थोडं घे' म्हणालं नाही.